नर्लन्स नोएल लोभी होता का? 'फ्री एजंट'मधल्या 'फ्री'चा हिशेब

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नर्लन्स नोएल नावाच्या खेळाडूची गोष्ट एखाद्या बोधकथेसारखी सांगितली जाते. २०१७ च्या उन्हाळ्यात डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याच्यापुढे चार वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवल्याचे बातम्यांत आले. पुढे त्याने स्वतःही न्यायालयातल्या दाव्यात हाच आकडा सांगितला. त्याने तो प्रस्ताव घेतला नाही. त्याऐवजी एका वर्षासाठी सुमारे ४२ लाख डॉलरवर सही केली. वर्षभरात अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, बाकावर बसावे लागले, आणि २०१८ च्या जुलैत तो ओक्लाहोमा सिटीच्या संघात लीगच्या किमान वेतनावर दाखल झाला. वर्षाला पावणेदोन कोटी डॉलर नाकारणारा माणूस त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला.

या गोष्टीवर हसणारे पुष्कळ झाले. 'लोभाची शिक्षा' म्हणून ती आजही सांगितली जाते. एखादा तरुण खेळाडू कराराबाबत अडून बसला की त्याला नोएलचे नाव ऐकवले जाते: जास्त मागशील तर असा होशील.

मित्रांनो, माझा आक्षेप या बोधकथेलाच आहे. कोणत्याही कष्टकऱ्याने आपल्या श्रमाची किंमत मागितली आणि ती मिळाली नाही, की सगळ्यात आधी त्याच्या चारित्र्याची तपासणी सुरू होते. बाजार कोणी आखला, नियम कोणी लिहिले, थांबायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे प्रश्न मागे राहतात. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांत फरक करायला शिकवले. एका माणसाला काम मिळाले नाही तर त्याचा स्वभाव बघा, पण एकाच जागी उभी असलेली अनेक माणसे एकाच वेळी पडत असतील तर जमीन तपासा. नोएलच्या पायाखालची जमीन तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

किंमत आधीच ठरलेला माणूस

नोएल मॅसॅच्युसेट्समध्ये वाढला. त्याचे आईवडील हैतीहून आलेले स्थलांतरित. जवळपास सात फूट उंची आणि त्या उंचीला न शोभणारी चपळाई. केंटकी विद्यापीठात पहिल्याच वर्षी तो सामन्यामागे चारपेक्षा जास्त फटके अडवत होता. २०१३ च्या 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, त्याचे नाव सर्वात वर असेल असे बोलले जात होते. पण त्या फेब्रुवारीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तो सहाव्या क्रमांकावर घसरला आणि त्याच रात्री त्याचे हक्क फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे गेले.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपण कोणाकडे काम करायचे हे खेळाडू निवडत नाही. संघ त्याला निवडतो. त्याला दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलणी करता येत नाहीत. आणि पगार? पहिल्या फेरीत निवडलेल्यांचा पगार क्रमांकानुसार तक्त्यात छापलेला असतो. पहिली दोन वर्षे पक्की, पुढची दोन वर्षे ठेवायचे की नाही हे संघाच्या मर्जीवर. म्हणजे सुरुवातीची चार वर्षे खेळाडू कितीही चमकला तरी भाव वाढत नाही, आणि पडला तर मालकाला दार उघडता येते.

हा तक्ता आकाशातून पडलेला नाही. १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ग्लेन रॉबिन्सनने १० कोटी डॉलरची मागणी केली आणि शेवटी दहा वर्षांसाठी सुमारे ६.८ कोटींचा करार मिळवला. मालक हादरले, आणि आधीपासून खेळणारे अनेक खेळाडूही नाराज झाले. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या सामूहिक करारात नवख्यांसाठी वेतनाचा तक्ता आला. त्या करारावर खेळाडूंच्या युनियनचीही सही होती. ज्यांच्या पगाराला कात्री लागली ते त्या वेळी शाळा-कॉलेजात होते. त्यांना मत नव्हते. जो वर्ग बैठकीत हजर नसतो त्याच्या खिशातून तडजोड करणे सर्वात सोपे असते, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

हरण्याचा कारखाना

नोएल ज्या संघात गेला तो संघ त्या काळात मुद्दाम हरत होता. ही माझी टीका नाही, ते त्या व्यवस्थापनाचे उघड धोरण होते आणि त्याला चाहत्यांनी 'द प्रोसेस' असे कौतुकाचे नाव दिले होते. जितके जास्त हराल तितकी पुढच्या ड्राफ्टमध्ये वरची जागा मिळण्याची शक्यता जास्त. २०१३-१४ मध्ये ८२ पैकी १९ विजय, पुढच्या वर्षी १८, आणि २०१५-१६ मध्ये फक्त १०.

दुखापतीमुळे नोएल पहिला हंगाम खेळलाच नाही. दुसऱ्या हंगामात, २०१४-१५ मध्ये, त्याने ७५ सामन्यांत सरासरी ९.९ गुण, ८.१ रिबाउंड, १.९ ब्लॉक आणि १.८ स्टील अशी कामगिरी केली. नवोदितांच्या सर्वोत्तम पाचात त्याची निवड झाली. पण संघाने काय केले? २०१४ मध्ये जोएल एम्बीड निवडला, तोही सेंटर. २०१५ मध्ये जलिल ओकाफोर निवडला, तोही सेंटर. तीन वर्षांत तीन उंच माणसे आणि बास्केटखालची जागा एक.

२०१५ चा हा ड्राफ्ट आपल्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याच रात्री ५२ व्या क्रमांकावर डॅलसने पंजाबच्या सतनाम सिंगला निवडले. एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. आपल्या वर्तमानपत्रांनी जल्लोष केला, तो योग्यच होता. पण सतनामला एनबीएचा एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही. आणि तिसऱ्या क्रमांकाचा ओकाफोर? पहिल्या हंगामात सामन्यामागे १७.५ गुण काढणाऱ्या या मुलाच्या कराराचे चौथे वर्ष संघाने २०१७ मध्ये नाकारले, त्याला बाकावर बसवून ठेवले आणि डिसेंबरात ब्रुकलिनला धाडले. २०१८ मध्ये तोही किमान वेतनावर न्यू ऑर्लिन्सला गेला. ओकाफोरवर कोणी लोभाचा आरोप केलेला मला माहीत नाही. त्याने ७ कोटी नाकारले नव्हते, कारण त्याच्यापुढे ते कोणी ठेवलेच नव्हते. तरी तो त्याच खड्ड्यात पडला.

उंच खेळाडूंची अशी गर्दी झाल्यावर २०१६ च्या शरद ऋतूत नोएलने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. तेव्हा 'वृत्ती चांगली नाही' हा शिक्का बसला. त्याच सुमारास गुडघ्याची पुन्हा शस्त्रक्रिया. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला डॅलसला देऊन टाकण्यात आले.

आता दुसरी बाजू बघा. ज्या मालकगटाने २०११ मध्ये हा संघ सुमारे २८ कोटी डॉलरला घेतला, त्यांच्या मालमत्तेची किंमत आज अब्जावधी डॉलरमध्ये सांगितली जाते. हरण्याचा प्रयोग मालकांना महाग पडला नाही. त्याची किंमत ज्यांच्या शरीरावर आणि नावावर प्रयोग झाला त्यांनी मोजली.

त्याने मागितले ते हवेतले होते का?

आता लोभाच्या आरोपाकडे येऊ. नोएलच्या दाव्यानुसार, आपण १० कोटींचे खेळाडू आहोत असे त्याला सांगण्यात आले होते. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण २०१७ च्या जुलैत उभे राहून बघा.

एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. टीव्ही कंपन्यांशी झालेल्या नऊ वर्षांच्या २,४०० कोटी डॉलरच्या करारामुळे ही मर्यादा २०१६ मध्ये एका झटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. सगळ्या संघांच्या हातात एकाच वेळी पैसा आला. त्या उन्हाळ्यात बिस्मॅक बियोम्बोला ओरलँडोने चार वर्षांसाठी ७.२ कोटी दिले. आदल्या हंगामात त्याची सरासरी साडेपाच गुणांची होती. टिमोफे मोझगोवला लेकर्सने ६.४ कोटी दिले, इयान महिन्मीला वॉशिंग्टनने ६.४ कोटी. जोआकिम नोआला न्यूयॉर्कने जवळपास ७.२ कोटी दिले, तेही त्याचे उमेदीचे दिवस सरल्यावर.

आणि २०१३ च्याच ड्राफ्टमधले इतर सेंटर? बाराव्या क्रमांकाच्या स्टीवन ॲडम्सने ऑक्टोबर २०१६ मध्ये चार वर्षांसाठी १० कोटींवर सही केली. सत्ताविसाव्या क्रमांकाच्या रूडी गोबेअरने १०.२ कोटींवर. नोएल या दोघांच्याही आधी निवडला गेला होता, तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि बचावात त्याचे कौशल्य सर्वमान्य होते. अशा तरुणाने 'मीही त्यांच्या रांगेत बसतो' असे म्हटले तर तो लोभ, की शेजारच्या दुकानातला भाव वाचता येणे?

पण बाजार वर्षभरात फिरला. २०१७-१८ ची कॅप आधीच्या अंदाजांपेक्षा कमी, ९ कोटी ९१ लाख डॉलरवर थांबली. संघांची तिजोरी २०१६ च्या करारांनी आधीच भरून गेली होती. त्याच काळात खेळही बदलत होता. २०१२-१३ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी २० वेळा तीन गुणांसाठी चेंडू टाकत असे. २०१७-१८ मध्ये हा आकडा २९ वर गेला. उंच माणसाने बास्केटखाली उभे राहायचे हे दिवस सरत होते. त्यानेही बाहेर येऊन नेम धरावा, बाहेर येऊन बचाव करावा, ही अपेक्षा आली. नोएलला बाहेरून नेम नव्हता. एका उन्हाळ्याच्या फरकाने एकाच प्रतीच्या श्रमाचा भाव कोसळला.

यात मालकांइतकाच एक प्रश्न युनियनलाही विचारावा लागतो. टीव्हीचा पैसा एकदम न ओतता टप्प्याटप्प्याने कॅप वाढवावी असा प्रस्ताव लीगने दिला होता. २०१५ मध्ये युनियनने तो फेटाळला. मालकांच्या हेतूवर शंका घेणे चूक नव्हते. पण परिणाम असा झाला की ज्यांचा करार २०१६ मध्ये संपत होता त्यांना घबाड मिळाले, आणि ज्यांचा एका वर्षाने संपत होता त्यांच्या वाट्याला रिकामी भांडी आली. आपल्याच लोकांमध्ये लाभ कसा वाटला जाईल याचा विचार न करणारी संघटना नकळत नशिबाची लॉटरी चालवते.

बंधनातले स्वातंत्र्य

आता या प्रकरणाची खरी गोम. २०१७ मध्ये नोएल 'फ्री एजंट' होता असे आपण म्हणतो. तो होता 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट'. म्हणजे मोकळा, पण बंधनात. हा शब्दप्रयोगच किती बोलका आहे!

नियम असा: चार वर्षांचा पहिला करार संपला की संघ खेळाडूला एका वर्षाची ठरावीक रकमेची 'क्वालिफाइंग ऑफर' देतो. ती दिली की संघाला हक्क मिळतो. बाहेरच्या संघाने खेळाडूला कितीही मोठा प्रस्ताव दिला तरी जुना संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. मग बाहेरचा संघ कशाला प्रस्ताव देईल? जुना संघ निर्णय घेईपर्यंत त्याचा स्वतःचा पैसा अडकून पडतो आणि तोवर बाजारातले दुसरे खेळाडू निघून जातात. घोडा विकायला काढला आहे, पण लगाम जुन्या मालकाच्या हातात आहे. असा घोडा बघायला कोण येणार?

नोएलला बाहेरून एकही अधिकृत प्रस्ताव आला नाही. त्यामुळे डॅलसला घाई नव्हती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संघांचा पैसा संपतो. जो थांबू शकतो तो जिंकतो, आणि थांबण्याची ताकद मालकाकडे असते.

त्यात आणखी एक बारीक कलम आहे. क्वालिफाइंग ऑफरची पूर्ण रक्कम हवी असेल तर खेळाडूने ठरावीक सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेले असावे किंवा ठरावीक मिनिटे मैदानात घालवलेली असावीत: हंगामात ४१ सामन्यांची सुरुवात किंवा २,००० मिनिटे, अथवा मागच्या दोन हंगामांची तेवढी सरासरी. नोएल यात कमी पडला म्हणून त्याची ऑफर सहाव्या क्रमांकाच्या दरावरून खाली आली. पण मैदानात कोण उतरणार हे कोण ठरवतो? संघ ठरवतो. तीन सेंटर आणून एकाला बाकावर कोण बसवतो? तेही संघच. आणि बाकावर बसल्याचा दंड खेळाडूच्या पगारातून कापला जातो.

अशा वेळी नोएलपुढे दोन वाटा होत्या. एक, संघ म्हणेल त्या भावावर लांब मुदतीची सही. दुसरी, कमी पैशांत एक वर्ष काढून पुढच्या उन्हाळ्यात खरोखर मोकळे होणे. दुसरी वाट वेडेपणाची नव्हती. ग्रेग मन्रो या सेंटरने २०१४ मध्ये डेट्रॉइटची सुमारे ५५ लाखांची क्वालिफाइंग ऑफर घेतली आणि पुढच्या वर्षी मिलवॉकीकडून तीन वर्षांसाठी ५ कोटी मिळवले. त्याला तेव्हा कोणी लोभी म्हटले नाही. 'स्वतःवर पैज लावली' म्हणून वाहवा झाली. तीच चाल, तसाच खेळाडू. पैज लागली तर धाडस, हुकली तर हाव. निकालावरून नीतिमत्ता ठरवण्याची ही पद्धत आहे.

आणि नोएल एकटा नव्हता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या बरोबर एक क्रमांक आधी, पाचवा निवडला गेलेला ॲलेक्स लेन हाही सेंटरच. २०१७ मध्ये तोही रिस्ट्रिक्टेड होता, त्यालाही मनासारखा करार मिळाला नाही, आणि त्यानेही फिनिक्सची सुमारे ४२ लाखांचीच ऑफर घेतली. दोन शेजारचे क्रमांक, एकच जागा, एकच उन्हाळा, जवळपास एकच रक्कम. दोन वेगळ्या स्वभावांची माणसे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात तेव्हा उत्तर स्वभावात शोधू नये.

हा नियम जुना झाला असेही समजू नका. २०२५ च्या उन्हाळ्यातही कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्स हे रिस्ट्रिक्टेड खेळाडू महिनोन्‌महिने लटकले आणि शेवटी एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफरवर आले. ते उंच सेंटर नाहीत, गार्ड आहेत. दोरी तीच आहे.

नोएलच्या चुका

व्यवस्थेवर बोट ठेवायचे म्हणजे माणसाला निर्दोष ठरवायचे, असे नाही. २०१७-१८ मध्ये तो फक्त ३० सामने खेळला, सरासरी ४.४ गुण आणि ५.६ रिबाउंड. डिसेंबरात एका सामन्याच्या मध्यंतरात तो पत्रकारांच्या खोलीत जाऊन हॉट डॉग खाताना दिसला आणि देशभर थट्टा झाली. हंगामाच्या शेवटी लीगच्या अमली पदार्थविरोधी नियमांचा भंग केल्याबद्दल पाच सामन्यांची बंदी आली. ही शिस्त नव्हती, आणि ज्याचे सगळे भवितव्य एका वर्षावर टांगलेले आहे त्याच्याकडून ती जास्तच अपेक्षित होती.

सल्ल्याचा प्रश्नही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नोएलने आपला आधीचा एजंट रिच पॉल आणि त्याच्या कंपनीवर टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला. चुकीच्या सल्ल्यामुळे ५.८ कोटी डॉलर बुडाले असे त्याचे म्हणणे. हा त्याचा आरोप आहे, त्याला दुसरी बाजू आहे, आणि मी त्यावर निवाडा देणार नाही. पण एक गोष्ट दिसते. ज्या बाजारात २३ वर्षांच्या मुलाला महिन्याभरात आयुष्याचा निर्णय घ्यावा लागतो, तिथे मध्यस्थाच्या शब्दाला केवढे वजन येते! संघाकडे वकील, आकडेतज्ज्ञ, वैद्यकीय अहवाल असतात. खेळाडूकडे विश्वास असतो.

पण मग चुकांचा हिशेब दोन्हीकडून करू. मोझगोवला ६.४ कोटी देण्याची चूक लेकर्सची होती. वर्षभरात, जून २०१७ मध्ये, त्यांनी तो करार एका तरुण गुणी खेळाडूसोबत बांधून ब्रुकलिनच्या गळ्यात घातला आणि मोकळे झाले. संघाच्या चुकीला बाहेर पडायचा रस्ता असतो. ती दुसऱ्याला देता येते, पुढच्या वर्षावर ढकलता येते, नवा व्यवस्थापक आणून पुसता येते. खेळाडूची चूक त्याच्या गुडघ्यासारखी त्याच्याबरोबरच चालते.

आणि बोधकथा सांगणारे जो भाग गाळतात तो असा. किमान वेतनावर गेलेल्या नोएलने ओक्लाहोमात पर्यायी सेंटर म्हणून मन लावून काम केले. २०२०-२१ मध्ये न्यूयॉर्ककडून ५० लाखांवर खेळताना सामन्यामागे २.२ फटके अडवले. त्या वर्षी लीगच्या अव्वल तीन ब्लॉक करणाऱ्यांत त्याचे नाव होते, आणि संघ आठ वर्षांनी प्ले-ऑफमध्ये गेला. त्यानंतर तीन वर्षांसाठी सुमारे ३.२ कोटींचा करार मिळाला. म्हणजे २०१७ मध्ये त्याच्यात कसब नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. पुढे पुन्हा दुखापती आल्या, डेट्रॉइटने २०२३ मध्ये सोडले, आणि त्याच वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी सॅक्रामेंटोनेही. उंच माणसाचे शरीर लवकर झिजते. त्याच्याकडे सर्वात कमी असते ती वेळ. आणि ही व्यवस्था त्याच्याकडून सर्वात आधी वेळच घेते: पहिली चार वर्षे तक्त्याच्या भावात, पाचवे वर्ष बंधनात. बाजार खुला होतो तेव्हा गुडघे बंद होत आलेले असतात.

मोकळीक आली ती सामूहिक लढ्यातून

एवढी तरी मोकळीक कुठून आली, हे विसरून चालणार नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला असे. १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनला ऑल-स्टार सामन्याआधी त्या काळातले सर्वोत्तम खेळाडू खोलीत बसून राहिले. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही म्हणाले. टीव्हीचे कॅमेरे तयार होते, मालक धमक्या देत होते, आणि खेळाडू जिंकले.

१९७० मध्ये युनियनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने लीगविरुद्ध खटला दाखल झाला. १९७१ मध्ये स्पेन्सर हेवूड या मिसिसिपीतल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबातल्या उंच तरुणाने, कॉलेजची मुदत संपेपर्यंत व्यावसायिक खेळायचे नाही हा नियम न्यायालयात मोडून काढला. रॉबर्टसन खटल्याची तडजोड १९७६ मध्ये झाली आणि आयुष्यभराच्या बांधिलकीचे कलम गेले. रॉबर्टसन मात्र १९७४ मध्येच निवृत्त झाले होते. ज्या झाडाला पाणी घातले त्याचे फळ त्यांनी चाखले नाही. शेवटी १९८८ मध्ये पूर्ण मोकळीक आली, तीही सात वर्षे आणि दोन करार पूर्ण केलेल्यांना. तिचा पहिला मानकरी टॉम चेंबर्स, साडेसहा फुटांहून उंच फॉरवर्ड, सिएटल सोडून फिनिक्सला गेला.

या इतिहासात एकाही खेळाडूने एकट्याने भाव करून हक्क मिळवलेला नाही. जे मिळाले ते संघटित होऊन, न्यायालयात जाऊन, मैदानात न उतरून मिळाले. आणि जिथे संघटना ढिली पडली, नवख्यांना वाऱ्यावर सोडले, तिथेच तक्ता आला आणि बंधनातली मोकळीक आली. नोएलने २०१७ मध्ये ज्या भिंतीवर डोके आपटले तिचा एक भाग मालकांनी बांधला होता आणि एक भाग त्याच्याच आधीच्या पिढीने विटा देऊन उभा केला होता.

'कोट्यधीशांसाठी अश्रू कशाला?'

हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ४२ लाख डॉलर मिळवणाऱ्या माणसाची बाजू आपण का घ्यावी?

मी अश्रू मागत नाही. नोएल उपाशी मेला नाही. पण पगार मोठा असला म्हणून संबंध बदलत नाही. एनबीएत खेळणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. संघांचे मालक मात्र जवळजवळ सगळे गोरे; नोएल ड्राफ्टमध्ये आला त्या २०१३ मध्ये बहुसंख्य मालकी असलेला कृष्णवर्णीय मालक एकच होता, मायकल जॉर्डन. मेहनत कोणाची आणि सातबारा कोणाच्या नावावर, हे तिथेही विचारावे लागते. जिथे पैसा इतका आहे, कॅमेरे इतके आहेत, युनियन इतकी मजबूत आहे, तिथेही थांबण्याची ताकद मालकाकडे आणि जोखीम श्रमिकाकडे राहते. मग जिथे यातले काहीच नाही तिथे काय होत असेल, याचा अंदाज करा.

उपाय अवघड नाहीत. सामने आणि मिनिटांची अट क्वालिफाइंग ऑफरमधून काढून टाका, कारण ती संघाच्या हातातली गोष्ट आहे. पहिल्या करारानंतर जुन्या संघाचा बरोबरीचा हक्क रद्द करा, किंवा निदान बाजार उघडण्यापूर्वीच संघाला आपला प्रस्ताव लेखी द्यायला लावा. नवख्यांचा करार एका वर्षाने कमी करा. आणि युनियनच्या वाटाघाटीत ड्राफ्टमध्ये येऊ घातलेल्या तरुणांचा आवाज कुठल्यातरी रूपात बसवा. यातले मालक आपणहून काही देणार नाहीत. ते मागावे लागेल, आणि दहा-वीस कोटीवाल्या ताऱ्यांनी किमान वेतनावरच्या सहकाऱ्यासाठी मागावे लागेल.

तोवर आपण एवढे करू शकतो. पुढच्या जुलैत एखादा उंच खेळाडू करारासाठी अडून बसलेला दिसेल, त्याचा हंगाम वाईट गेलेला असेल, आणि समाजमाध्यमांवर 'दुसरा नोएल' अशी थट्टा सुरू होईल. तेव्हा हसण्याआधी चार प्रश्न विचारा. याची किंमत कोणी ठरवली? याला मैदानात किती उतरवले, आणि ते कोणी ठरवले? वाट बघणे कोणाला परवडत होते? आणि चूक झाली तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची सोय कोणाकडे होती?

या चारही प्रश्नांचे उत्तर एकाच बाजूला जात असेल, तर ती लोभाची गोष्ट नाही. भाव पाडणाऱ्यानेच ती बोधकथा म्हणून पसरवलेली असते, आणि ती पुन्हा पुन्हा सांगून आपण त्याचे काम फुकट करत असतो.